आधी तळ बघा, मग गळ टाका

इंदापूरकडच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "सुट्टीच्या दिवशी मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा उजनी धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकायला जातो. दोन वर्षं झाली. चांगला रॉड आणि रीळ घेतलं, पण तळहाताएवढ्या चिलापीशिवाय काही लागत नाही. थंडीत तर पहाटे पाचला जाऊन रिकाम्या हाताने परत येतो. शेजारी बांबूची काठी घेऊन बसणारे आजोबा मात्र दोन-दोन किलोचा रोहू घेऊन जातात. गळ टाकायला परवानगी लागते का? आणि चारा बदलू की रीळ?"

गुरुजी, दोन्ही बदलू नका. तुमच्या पत्रात रॉडची लांबी आहे, तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचा, रंग आहे, कणकेत काय मिसळता तेही आहे. पण तुम्ही बसता तिथे समोर पाणी किती खोल आहे, तळाला चिखल आहे की मुरूम, वारा तोंडावर येतो की पाठीवर, यातलं काहीच नाही. आजोबांना ते सगळं पाठ असतं. ती जमीन बुडण्याआधी कदाचित त्यांनी तिथे नांगर धरला असेल. फरक तेवढाच आहे, आणि तो भरून काढता येतो. मी भिगवण ते पळसदेव या पट्ट्यात तीस वर्षं गळ टाकतोय. माझ्या वहीतला सगळ्यात जास्त मासे देणारा महिना कोणता म्हणाल तर मे. त्या महिन्यात मी जवळजवळ मासेच धरत नाही, नुसता चालतो.

उजनी 1980 साली पूर्ण झालं. भीमेच्या दोन्ही काठांचे मळे, विहिरी, पार, गाडीवाटा पाण्याखाली गेल्या. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. देऊळ दिसतं म्हणून लोक ते बघायला येतात. पण त्याच दिवसांत उघडे पडलेले साधे शेताचे बांध, पडक्या घरांची जोती, ओढ्याची वळणं, विहिरीचे काठ कुणी बघत नाही. माशाच्या दृष्टीने तलाव म्हणजे तेच. सपाट गाळावर मासा फिरतो, पण थांबत नाही. दगडी बांधावर शेवाळ धरतं, फटींत गोगलगाई आणि किडे राहतात, बांधाच्या एका अंगाला सावली आणि खोली असते. रोहूचा खालचा ओठ नीट बघा, त्याला झालरीसारखी कड असते. दगडावरचं शेवाळ खरवडायला ती उपयोगी पडते. असा ओठ असलेला मासा गुळगुळीत चिखलावर दिवसभर कशाला राहील?

तर मे महिन्यात एक वही, फोन, पाण्याची अर्धी भरलेली बाटली आणि हातात काठी घेऊन जा. तुमच्या नेहमीच्या जागेपासून दोन्ही बाजूंना अर्धा किलोमीटर चाला. बांध, जोतं, बाभळीचं खोड, ओढ्याचं वळण, जे दिसेल त्याचा फोटो काढा आणि फोनवर जागेची खूण करून ठेवा. शिवाय डोळ्यांनी सांगड बांधा. बांधावर उभं राहून एका दिशेला दोन खुणा एका रेषेत येतात का बघा, म्हणजे विजेचा मनोरा आणि त्यामागचं टेकाड. मग आडव्या दिशेला तशाच आणखी दोन. पावसाळ्यानंतर सगळं बुडालं तरी त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे तुमचा बांध असतो. फोनची बॅटरी संपते, टेकाड कुठे जात नाही.

आता बाटलीचं. पाण्याच्या कडेला उभे राहा. अर्धी भरलेली बाटली आडवी करून डोळ्यासमोर धरा. आतलं पाणी सपाट राहतं, त्या रेषेवरून समोरच्या चढाकडे बघा. नजर जिथे टेकते ती जागा तुमच्या डोळ्याच्या उंचीएवढी वर आहे, समजा पाच फूट. तिथे जाऊन उभे राहा, पुन्हा बघा, म्हणजे दहा फूट. अशा दोन-तीन टप्प्यांत कुठलाही बांध पाण्यापासून किती वर आहे ते कळतं. त्या दिवशीची धरणाची पातळी वहीत लिहून ठेवा. स्थानिक वर्तमानपत्रात उजनीची रोजची पातळी आणि टक्केवारी येते. धरण पूर्ण भरतं तेव्हा पातळी 496.83 मीटर असते आणि उपयुक्त साठा शून्य टक्के होतो तेव्हा 491.03 मीटर. म्हणजे 'शंभर' आणि 'शून्य' यांत जेमतेम एकोणीस फुटांचा फरक आहे. त्याखाली 'उणे' सुरू होतं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं आणि एरवी कधी न दिसणारा तळ उघडा पडला होता. मी त्या वर्षी भरलेली वही आजही वापरतो.

समजा मे महिन्यात तुमचा बांध पाण्यापासून पाच फूट वर होता आणि तेव्हापासून पातळी पंधरा फूट चढली. तर आज बांधावर दहा फूट पाणी आहे. टक्केवारीवर हिशेब करू नका, तो फसतो, कारण तलाव वर पसरट आणि खाली अरुंद आहे. मीटरवरच करा.

एक सावधगिरी. उघड्या पडलेल्या गाळाला वरून भेगा पडलेल्या दिसतात, पण पापुद्र्याखाली तो ओला असतो. पाय मांडीपर्यंत आत जातो आणि एकट्याने निघत नाही. काठीने चाचपल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, आणि मुलाला त्या भागात अजिबात न्यायचं नाही. जिथे शेळ्या-मेंढ्यांच्या खुरांचे ठसे उथळ उमटलेत तिथून चाला.

आता तुमच्या पहाटे पाचचं. मासे धरायला पहाटेच जावं हे आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. उन्हाळ्यात ते बरंचसं खरं आहे, डिसेंबर-जानेवारीत नाही. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम असतं. पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते. रोहू, कटला, मृगळ हे पंचवीस ते तीस अंश पाण्यात मनापासून खाणारे मासे आहेत. थंडीत रात्रभर उघड्या आभाळाखाली काठाचं उथळ पाणी सगळ्यात जास्त गारठतं, आणि तुम्ही नेमके त्यातच पहाटे गळ सोडता. डिसेंबरात घरी न्याहारी करा आणि साडेदहाला निघा. अकरा ते चार ही वेळ धरा. ऊन लागणारा, काळ्या दगडाचा उथळ भाग शोधा. दुपारी वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे वरचं कोमट पाणी ढकललं जातं आणि त्याबरोबर माशाचं खाणंही. लाटा तोंडावर येतात, गळ फेकायला त्रास होतो, म्हणून बहुतेक जण पाठीवर वारा घेऊन बसतात. तुम्ही तोंडावर घ्या.

एप्रिल-मेमध्ये अडचण वेगळी असते, प्राणवायूची. वीस अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच. त्यात उजनीत मुळा-मुठेवाटे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं. त्यावर शेवाळ माजतं आणि पाणी हिरवं होतं. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच घेतं. म्हणून हिरव्या पाण्यात सूर्य उगवण्याआधीची वेळ माशासाठी सगळ्यात कठीण. पहाटे मासे तोंड वर काढून भकाभका घोट घेताना दिसले तर समजा, ते खाण्यासाठी वर आलेले नाहीत, गुदमरताहेत. तिथे कितीही उत्तम चारा टाका, घेणार नाहीत. सातनंतर ऊन पडून वारा सुटला की फरक पडतो. किंवा संध्याकाळी जा. आणि जिथे पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर आणि कुबट वास असेल, तिथला मासा घरी नेऊ नका. काही शेवाळं विषारी असतात.

पावसाळ्यात, वरच्या धरणांचं पाणी दौंडकडून येऊ लागलं की रोहू-कटला-मृगळ वाहत्या पाण्याकडे अंडी घालायला चढतात. वर्षातून हा एकच हंगाम. त्या दिवसांत पोटात गाभोळी भरलेले मासे ओढ्यांच्या तोंडाशी सहज सापडतात. मी त्या काळात काठी भिंतीला लावून ठेवतो, आणि तुम्हीही ठेवाल अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांना पैदाशीसाठी वर्षभर थांबावं लागतं, तुमची काठी दोन महिने थांबू शकते.

माशांविषयी थोडं. आपण ज्यांना 'इथले' मासे समजतो त्यातले बरेच पाहुणे आहेत. रोहू, कटला, मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. त्यानंतर देशभरच्या धरणांत त्यांचं बीज सोडणं सोपं झालं. चिलापी आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणली. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची नोंद केली तेव्हा कितीतरी माशांना इथल्या बोलीतलीच नावं दिली, आणि ती आजही शास्त्रीय नावांत आहेत. कोलूस, खुद्री ही त्यातलीच. महसिराच्या एका जातीचं खुद्री हे नाव 1839 सालचं आहे, पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतल्या माशावरून पडलेलं. असा एखादा जुना भीमेकडचा मासा चुकून गळाला लागलाच, तर फोटोही न काढता परत सोडा.

चिलापीला तुम्ही नावं ठेवता, पण तीच तुमच्या मुलाची शाळा आहे. मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते, म्हणून तिची पिल्लं फारशी मरत नाहीत आणि तलाव तिनेच भरून जातो. ती हवी तेवढी घरी न्या, इथल्या माशांवर उपकारच होतील. तुम्हाला लहानच मिळतात कारण तुम्ही बहुधा काठापासून दहा फुटांवर, गुडघाभर पाण्यात गळ सोडत असाल. ती तिची बाळंतिणीची खोली आहे. स्वच्छ पाण्यात तळाला परातीएवढे गोल खड्डे दिसतील, ती तिची घरटी. मोठ्या चिलाप्या त्या उथळ भागाला जिथे उतार लागतो त्या कडेवर असतात, चार ते सात फूट खोलीवर. तिथे गांडुळाचा छोटा तुकडा टाका, अख्खं गांडूळ नको. टोक लोंबत राहिलं की ती तेवढंच तोडून नेते.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. मृगळ तळाशी, रोहू मधल्या आणि खालच्या थरात. एकाच जागी बसून तरंगाची, म्हणजे तंगुसाला बांधलेल्या तरंगत्या खुणेची, खोली बदलली तरी मासा बदलतो. शिवडा आणि शिंगटा हे मिशीवाले, वासावर चालणारे. गढूळ पाण्यात आणि अंधार पडल्यावर कोंबडीची आतडी किंवा मेलेली छोटी मासळी तळाला सोडा. शिवड्याचे दात बारीक पण धारदार असतात, गळ काढायला पक्कड लागतेच. मरळ पाणवनस्पतींत राहते आणि हवा घ्यायला वर येते. पाण्यावर बारीक लालसर पिल्लांचा घोळका हलताना दिसला तर खाली आई-बाप पहारा देत असतात. त्या वेळी ते कशावरही तुटून पडतात, म्हणून धरायला सोपे. तेव्हा धरू नका. पहारा गेला की सगळा घोळका एका दुपारीत संपतो.

आता तरंग कसा वाचायचा, ते सांगतो. गेल्या फेब्रुवारीत एका बुडालेल्या बांधाच्या आतल्या अंगाला मी बसलो होतो. साडेअकराची वेळ. तरंग ज्वारीच्या चिपाडाचा, बोटभर लांब, निम्मा पाण्यात. आधी त्याच्या डाव्या बाजूला हरभऱ्याएवढे बुडबुडे ओळीने आले, एक, दोन, मग पाच-सहा. म्हणजे खाली कुणीतरी गाळ उकरतंय. मग तरंग थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. ही चारा चाखण्याची वेळ, इथे बहुतेक जण झटका देतात आणि मासा घालवतात. मी हात काठीवर नुसता टेकवला. मग तरंग खाली जायच्या ऐवजी वर उठला आणि आडवा झाला. तळाचा चारा माशाने तोंडात घेऊन डोकं वर केलं की शिशाचा भार सुटतो आणि तरंग असा आडवा पडतो. तेव्हा मनगटाने हलका, आखूड उचल द्यायचा. सव्वा किलोचा मृगळ होता. चिलापी वेगळी वागते. ती तरंगाला टकटक करते आणि मग तिरपी ओढत नेते. तिच्यासाठी ओढ सुरू झाल्यावरच उचला.

आणि काठावर हळू चाला. रोहू-मृगळासारख्या माशांत आणि मिशीवाल्यांत पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेली असते. जमिनीवर आपटलेली बादली त्यांना तुमच्याइतकीच, कदाचित तुमच्याआधी ऐकू जाते. गप्पा मारा, हरकत नाही. पण पाय आपटू नका, मोटारसायकल पाण्यापर्यंत नेऊ नका.

चाऱ्यात फार गुपितं नाहीत. दोन वाट्या कणीक, एक वाटी शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा, अर्धी वाटी भाजलेलं मक्याचं पीठ, चिमूटभर हिंग. तलावाच्याच पाण्यात मळा आणि ओल्या फडक्यात अर्धा तास ठेवा. खरी परीक्षा अशी: काबुली चण्याएवढी गोळी करून बादलीतल्या पाण्यात टाका. दहा मिनिटं आकार टिकला पाहिजे आणि त्यानंतर कडा सुटायला लागल्या पाहिजेत. लगेच विरघळली तर पीठ वाढवा, अर्ध्या तासानेही दगडासारखी राहिली तर थोडं पाणी आणि पेंड. बरेच जण इतकं घट्ट मळतात की गळाचं टोक आत अडकून राहतं आणि माशाच्या ओठाला लागतच नाही. गळाचं टोक केसभर बाहेर ठेवा. बसण्याआधी त्याच चाऱ्याचे लिंबाएवढे तीन-चार गोळे जागेवर टाका, पण किलोभर ओतू नका. पोट भरलेला मासा गळ कशाला घेईल?

साहित्यात तंगूस 0.30 मिलिमीटर पुरे, चिलापीसाठी 0.25. गळ आठ नंबरचा, रोहूसाठी सहा. आकडा लहान तेवढा गळ मोठा, हे दुकानात लक्षात ठेवा. गाठ आवळण्याआधी तोंडात धरून ओली करा. कोरडं नायलॉन घासून तापतं आणि नेमकं गाठीपाशीच कमजोर होतं. तुमचा फेब्रुवारीतला मोठा मासा 'तंगूस तुटून' गेला असं तुम्ही लिहिलंय, तो बहुधा गाठीतच सुटला असावा. उरलेल्या तंगुसाचं टोक कुरळं झालेलं असेल तर नक्कीच. रिळाचा ब्रेक इतका सैल ठेवा की तंगूस तुटण्याच्या बऱ्याच आधी फिरकी सुटेल.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, एप्रिलच्या तापलेल्या खडकावर ठेवू नका. पाणी कोमट असेल तर मासा लवकर बाहेर घ्या. जितका वेळ दमवाल तितका सोडल्यावर मरायची शक्यता जास्त. कासव लागलं तर तंगूस कापून गळ जमेल तसा काढा आणि सोडा, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. आफ्रिकन मांगूर लागला तर मात्र परत सोडू नका. त्याच्या पालनावर देशात 2000 सालापासून बंदी आहे, तो बाकीचे मासे फस्त करतो. आणि तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी आणा. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक घरटी करतात, ते पक्षी आपल्याच काठावर चरायला येतात. एकाच्या पायात वीतभर तंगूस रुतलेलं मी स्वतः कापून काढलंय. खालची कातडी पांढरी पडली होती.

परवानगीचं विचारलंत ते बरं केलं. आपल्याकडे तलावातले मासेमारीचे हक्क अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने किंवा परवान्याने असतात. तुमच्या काठाचं कुणाकडे आहे ते भिगवण किंवा इंदापूरच्या मासळी बाजारात दहा मिनिटांत कळेल. जाऊन भेटा, गळाने चार मासे धरायला चालेल का विचारा, फी असेल तर भरा. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे. जाळ्याच्या बोयांच्या आसपास गळ फेकू नका. एक गळ अडकला की त्यांचं अर्ध्या दिवसाचं काम वाढतं.

वळवाच्या दिवसांत दुपारी तीननंतर आभाळाकडे लक्ष ठेवा. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट याच पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा माणसं गेली. वारा पाच मिनिटांत येतो. ढग काळे व्हायला लागले की काठावरून उठा, आणि कार्बनचा रॉड आडवा ठेवून द्या. त्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली तर तो कधीच उभा धरू नका. मासे धरायला होडीत बसायची वेळ आलीच, तर दोघांनाही जॅकेट हवं, नाहीतर काठच बरा.

राहता राहिला मुलगा. त्याच्यासाठी रीळ घेऊ नका. आठ फुटांचा हलका बांबू, काठीएवढंच तंगूस, चिपाडाचा तरंग, दहा नंबरचा गळ, ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, म्हणजे त्याच्या बोटात गेला तरी अलगद निघेल. तरंग चार फुटांवर बांधा, उथळ भागाच्या कडेवर बसवा, आणि वही त्याच्याकडे द्या. पातळी, वारा, वेळ, किती खोलीवर काय लागलं. माझ्या मुलीच्या सातवीतल्या वहीत अजून एक पान आहे: '28 डिसेंबर, दुपारी 1, वारा तोंडावर, बांधाच्या आत साडेपाच फूट, रोहू 1, चिलापी 9.' त्या बांधावर मी अजूनही दर डिसेंबरात त्याच वेळी जातो.